चाक आत बसले की बाहेर?
डिस्कची रुंदी आणि ऑफसेट : गाडीवर पोट असणाऱ्यांनी समजून घ्यावा असा हिशेब

गाडी ही आता केवळ श्रीमंतांची हौस राहिलेली नाही. आपल्या वस्त्यांतील अनेक घरे आज चाकावर चालतात. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी टूरिस्ट गाडीवर आहे, कोणी कंपनीच्या माणसांची ने-आण करतो. गाडी कर्जाची असते, हप्ता दर महिन्याला दारात उभा असतो आणि गाडी एक दिवस जागेवर राहिली तरी त्या दिवसाची कमाई बुडते. अशा गाडीवर केलेला चुकीचा खर्च म्हणजे सबंध घराचे नुकसान असते.

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या एका कुटुंबाची ही हकिकत वाचकांनी लक्षपूर्वक वाचावी. नावे देत नाही, कारण अशी चूक कोणाच्याही हातून होऊ शकते.

वडील टूरिस्ट गाडी चालवतात. आई घरी ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. मुलगा नुकताच नोकरीला लागलेला. पहिल्या काही पगारांतून वाचवलेल्या पैशांतून त्याने वडिलांच्या गाडीला चकचकीत अलॉय डिस्क आणि रुंद टायर बसवून दिले. मुलाची माया होती, वडिलांनाही आनंद झाला. दुकानदाराने सांगितले, "काका, टायरची उंची सारखीच आहे, काही काळजी करू नका." उंचीबद्दल तो खोटे बोलत नव्हता.

रिकाम्या गाडीला काहीच त्रास नव्हता. मग नाशिकचे भाडे मिळाले. गाडीत चार प्रवासी आणि डिकीभर सामान. प्रत्येक खड्ड्याला मागून "खर्र" असा आवाज येऊ लागला. कसारा घाट चढून वर आल्यावर वडिलांनी चहासाठी गाडी थांबवली आणि टायरवर हात फिरवला. मागच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या खांद्यावर सुरीने कापावी तशी चीर पडली होती. मडगार्डची दुमडलेली पत्र्याची कड रबर कापत होती. आणखी काही किलोमीटरवर टायर फुटला असता, तर त्या गाडीतील पाच माणसांचे काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी.

घरी आल्यावर जुनी डिस्क आणि नवी डिस्क शेजारी शेजारी ठेवण्यात आली. चूक शोधून काढली ती आईने, आपल्या शिलाईच्या टेपने.

आईचा सवाल

जुन्या डिस्कवर 14 × 5 जे असे कोरलेले होते. नव्या डिस्कवर 15 × 6.5 जे. पहिला आकडा डिस्कचा व्यास आणि दुसरा रुंदी, दोन्ही इंचांत. म्हणजे रुंदी दीड इंचाने वाढली होती.

आई म्हणाली, "अरे, ब्लाऊज दीड इंच सैल करायचा असला तर मी दोन्ही बाजूंची शिलाई पाऊण पाऊण इंच उसवते. तुझं चाक दीड इंच वाढलं, तर आत पाऊण आणि बाहेर पाऊण इंच जायला हवं होतं. मग बाहेरच्या बाजूला जास्त कसं आलं?"

पाऊण इंच म्हणजे सुमारे 19 मिलिमीटर. टेपने मोजले तेव्हा नवी डिस्क बाहेरच्या बाजूला 29 मिलिमीटर जास्त भरली आणि आतल्या बाजूला फक्त 9 मिलिमीटर. एकूण वाढ 38 मिलिमीटर, म्हणजे बरोबर दीड इंच. मात्र दोन्ही बाजूंची वाटणी सारखी नव्हती. दहा मिलिमीटर आतून बाहेर सरकले होते.

हे दहा मिलिमीटर कुठून आले? जुन्या डिस्कच्या पाठीवर ईटी 45 असा शिक्का होता आणि नव्या डिस्कवर ईटी 35. याच आकड्याला ऑफसेट म्हणतात. दुकानात त्याबद्दल कोणी बोलले नव्हते आणि मुलानेही विचारले नव्हते.

ऑफसेट म्हणजे काय?

डिस्क म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडा असा एक रुंद गोल डबा आहे असे समजा. या डब्याच्या आत एक उभी पडदी बसवलेली आहे. पडदीला नट-बोल्टची भोके आहेत. आपण चाक बसवून पान्याने नट आवळतो तेव्हा ही पडदी गाडीच्या हबला घट्ट टेकते. हब आपल्या जागी पक्के असते. म्हणून चाक आत बसणार की बाहेर, हे डब्यात ही पडदी कोठे आहे यावर ठरते.

पडदीची हबला टेकणारी बाजू डब्याच्या अगदी मध्यावर असेल तर ऑफसेट शून्य. ती रस्त्याच्या बाजूला सरकवलेली असेल तर डब्याचा जास्त भाग गाडीच्या आत जातो. हा अधिक ऑफसेट होय. ती गाडीच्या बाजूला सरकवलेली असेल तर डबा मडगार्डच्या बाहेर डोकावू लागतो. हा उणे ऑफसेट होय. मध्यापासून टेकणाऱ्या बाजूपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. ईटी ही अक्षरे एका जर्मन शब्दावरून आली आहेत, म्हणून ती इंग्रजी वाटली तरी इंग्रजी शब्दाशी जुळत नाहीत. आज वापरात असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांचा ऑफसेट अधिक असतो.

एवढे एक सूत्र पाठ करून ठेवावे : ईटीचा आकडा कमी झाला की चाक बाहेर येते, आकडा वाढला की चाक आत जाते. ईटी 45 ऐवजी ईटी 35 घेतले की सबंध चाक 10 मिलिमीटर बाहेर आले.

हिशेब कसा करावा?

हा हिशेब चौथी-पाचवीच्या मुलालाही जमेल. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर.

पहिली पायरी : नव्या रुंदीतून जुनी रुंदी वजा करा. आलेल्या इंचांना 25.4 ने गुणा आणि निम्मे करा. आपल्या उदाहरणात 6.5 वजा 5 म्हणजे 1.5 इंच, म्हणजे 38 मिलिमीटर, निम्मे 19.

दुसरी पायरी : जुन्या ईटीतून नवी ईटी वजा करा. 45 वजा 35 म्हणजे 10.

तिसरी पायरी : बाहेरच्या बाजूसाठी दोन्ही आकडे मिळवा. 19 अधिक 10 म्हणजे 29. आतल्या बाजूसाठी पहिल्यातून दुसरा वजा करा. 19 वजा 10 म्हणजे 9.

आता याच कुटुंबाने 15 × 5.5 जे, ईटी 45 अशी डिस्क घेतली असती तर? रुंदी अर्धा इंच वाढली, निम्मे केले तर 6 मिलिमीटरच्या थोडे वर. ईटी तीच, म्हणून आत सव्वासहा आणि बाहेर सव्वासहा मिलिमीटर. शेंगदाण्याच्या जाडीपेक्षाही कमी फरक! डिस्क अलॉयचीच, दिसायलाही छान, आणि मडगार्डला लागण्याचा धोका फार कमी.

टायरची रुंदीही याच हिशेबात धरावी लागते. टायरवरील 165/80 आर 14 या आकड्यांत 165 ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये असते. 80 म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 132 मिलिमीटर. 14 म्हणजे डिस्कचा व्यास इंचांत. या मुलाने 195/60 आर 15 टायर घेतले. रुंदी 30 मिलिमीटरने वाढली, निम्मे 15, त्यात ऑफसेटचे 10 मिळवले की टायरचा फुगवटा सुमारे 25 मिलिमीटर बाहेर आला. तीच ती मडगार्डच्या कडेने कापलेली जागा.

उंची जुळली, मग बिघडले कुठे?

दुकानदार म्हणाला ते खरे होते. जुन्या चाकाची एकूण उंची काढू. 14 इंच म्हणजे 355.6 मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची बाजू मिळून 264, एकूण सुमारे 620. नवे चाक : 381 अधिक 234, एकूण 615. फरक केवळ 5 मिलिमीटरचा. स्पीडोमीटर आणि किलोमीटरच्या आकड्यावर याचा परिणाम नगण्य असतो.

गाडीच्या कंपन्याही असेच गणित करतात. मारुती सुझुकीच्या डिझायर गाडीत काही मॉडेलना 165/80 आर 14 टायर आले, तर वरच्या मॉडेलना 185/65 आर 15. दोन्हींची उंची काढून पाहा, फरक जेमतेम 2 मिलिमीटरचा आहे. चाक मोठे झाले, पण टायरची बाजू बुटकी झाली, म्हणून उंची तीच राहिली.

पण उंची जुळणे ही अर्धीच गोष्ट आहे. चाक मडगार्डच्या खोबणीत कोणत्या जागी उभे राहणार, हे उंचीवरून कळत नाही. ते रुंदी आणि ऑफसेटवरूनच कळते. नेमके हेच दोन आकडे दुकानात बोलले जात नाहीत आणि आपणही विचारत नाही.

रिकाम्या गाडीला आवाज का आला नाही, याचेही कारण यातच आहे. गाडी भरली की स्प्रिंग दबते, मडगार्ड खाली येते आणि चाक खोबणीत वर चढते. मूळ चाक आत असल्यामुळे ते कडेच्या आतल्या बाजूने सुखरूप वर जाते. बाहेर आलेले चाक थेट कडेवर आपटते. पुढच्या चाकांचे दुखणे वेगळे असते. स्टेअरिंग पूर्ण वळवले की रुंद किंवा बाहेर आलेला टायर मोठा घेर घेतो आणि मडगार्डच्या आतील प्लास्टिकला घासतो. याउलट ईटी फार वाढवली तर टायर किंवा डिस्क आत शॉकअपला लागते. ते बाहेरून दिसत नाही, म्हणून अधिक फसवे.

न दिसणारे नुकसान

घासण्याचा आवाज तरी ऐकू येतो. काही नुकसान मात्र गुपचूप होत राहते.

चाक बाहेर गेले की बेअरिंगवरचा भार बाजूला सरकतो. बादली अंगाजवळ धरून उचलली तर हलकी वाटते आणि हात लांब करून धरली तर जड वाटते, तसेच हे आहे. वजन तेच, पण बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि ते लवकर बोलू लागते.

स्टेअरिंगवरही परिणाम होतो. चाक ज्या रेषेभोवती वळते ती रेषा जमिनीला जिथे मिळते, ती जागा आणि टायर टेकण्याचा मध्य यांतील अंतर कंपनीने विचारपूर्वक ठरवलेले असते. ऑफसेट बदलला की ते अंतर बदलते. मग खड्ड्यात स्टेअरिंग हाताला झटका देते आणि एका बाजूचे चाक चिखलात किंवा वाळूत असताना ब्रेक मारला तर गाडी एकीकडे ओढली जाऊ शकते.

रुंद टायर आणि जड डिस्क यांना फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो. रोज शंभर-दीडशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला हा फरक महिन्याच्या इंधनात जाणवतो. बाहेर आलेला टायर पावसाळ्यात दारांवर चिखल उडवतो तो वेगळाच.

दुकानातील "उपाय" आणि त्यांची खरी किंमत

तक्रार घेऊन गेल्यावर सहसा तीन उपाय सुचवले जातात. तिन्ही नीट समजून घ्यावेत.

पहिला, "कड ठोकून देतो." मडगार्डची कड आत दुमडली की थोडी जागा मिळते हे खरे. पण रंग तडकतो, पाणी शिरते आणि दोन पावसाळ्यांत पत्रा गंजतो. गाडी विकताना त्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागते.

दुसरा, "स्पेसर टाकू." स्पेसर म्हणजे हब आणि डिस्क यांमध्ये घालायची चकती. 5 मिलिमीटरच्या चकतीने चाक 5 मिलिमीटर बाहेर येते, म्हणजे ईटी 45 ची जणू ईटी 40 होते. चाक आत शॉकअपला लागत असेल तर तिचा काही उपयोग होईल, पण बाहेर मडगार्डला लागणाऱ्या चाकाचे दुखणे तिने वाढते. शिवाय बोल्टचे जेवढे आटे नटात जायला हवेत तेवढे जात नाहीत.

तिसरा, "स्प्रिंगमध्ये रबर घालू." याने गाडी कमी दबते, पण रस्त्याचा धक्का प्रवाशांच्या आणि आपल्या कमरेत जातो. मूळ चूक तशीच राहते.

चुकीच्या डिस्कवर खरा इलाज एकच, योग्य डिस्क. म्हणूनच पैसे देण्याआधी मोजणे शहाणपणाचे.

घरच्या घरी मोजमाप

डिस्कवर ईटीचा शिक्का नसेल किंवा पुसला गेला असेल तरी ऑफसेट काढता येतो. टायर नसलेली डिस्क पाठ वर करून जमिनीवर ठेवा. तिच्या दोन्ही कडांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा. पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजा. मग डिस्कची बाहेरून बाहेर पूर्ण रुंदी मोजा आणि निम्मी करा. खोलीतून ही निम्मी रुंदी वजा केली की ऑफसेट मिळतो. उदाहरणार्थ, पूर्ण रुंदी 152 मिलिमीटर, निम्मे 76, खोली 121. ऑफसेट 45.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोरलेली रुंदी टायर बसतो त्या आतल्या जागेची असते. कडा धरून बाहेरून मोजले तर ती साधारण एक इंच जास्त भरते. 5 इंची डिस्क टेपने सहा भरली म्हणून दुकानदाराने फसवले असे समजू नये.

गाडीवर किती जागा आहे हेही पाहावे. गवंडीकाम करणाऱ्यांना ओळंबा माहीत आहेच. गाडी सपाट जागेवर उभी करून मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरी व टायर यांतील अंतर मोजा. मागच्या सीटवर माणसे बसवून पुन्हा मोजा. आतल्या बाजूने टायर आणि शॉकअप यांमध्ये किती जागा आहे ते पाहा. पुढची चाके दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. आता वर काढलेले बाहेरचे आणि आतले आकडे या जागेशी ताडून बघा. नवे चाक बसल्यावरही सर्व बाजूंनी निदान बोटभर जागा मोकळी राहिली पाहिजे.

पैसे देण्याआधी विचारावयाचे

रुंदी आणि ईटी झाल्यावर आणखी काही गोष्टी तपासाव्यात. बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, तंतोतंत जुळला पाहिजे. चार भोकांची 100 मिलिमीटरची डिस्क 114.3 मिलिमीटरच्या हबवर बसत नाही, आणि ओढूनताणून बसवली तर ती जिवाशी खेळ ठरेल. मधले मोठे भोक हबवर नीट बसले पाहिजे. ते मोठे असेल तर योग्य मापाची कडी घालावी, नाहीतर गाडी वेगात थरथरते. नव्या डिस्कला जुने नट चालतात का, हे नटाच्या बसण्याच्या आकारावरून पाहावे.

टायर आणि डिस्क यांचीही जोडी जमावी लागते. 185/65 आर 15 टायरसाठी साधारण 5 ते 6.5 इंच रुंदीची डिस्क चालते. त्याहून अरुंद डिस्कवर टायर फुगतो, रुंद डिस्कवर ताणला जातो. टायरच्या मापानंतर लिहिलेला भाराचा आकडाही मूळ टायरपेक्षा कमी नसावा. 85 म्हणजे एका टायरवर 515 किलो, 88 म्हणजे 560 किलो. अलॉय डिस्कवर आयएसआयची खूण आणि भाराची मर्यादा पाहून घ्यावी. पक्के बिल घ्यावे आणि "लागले तर बदलून देऊ" हे त्यावर लिहून घ्यावे. बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनी नट पुन्हा आवळून घ्यावेत. आणि स्टेपनीला विसरू नये. ती जुन्या मापाची राहणार असेल तर उंची जुळते ना आणि तिचे नट गाडीत आहेत ना, ते पाहावे.

कायद्याचीही माहिती असावी. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलात मनमानी फेरबदल करता येत नाही. 2019 च्या सुधारणेने परवानगीबाहेरच्या फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैदेची किंवा प्रत्येक फेरबदलामागे 5000 रुपये दंडाची किंवा दोन्हींची तरतूद केली. मडगार्डच्या बाहेर आलेली चाके पासिंगच्या वेळी अडचणीची ठरतात आणि अपघात झाला तर विमा कंपनीलाही बोट दाखवायला जागा मिळते. आपल्या मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी जे माप देते तेच घेणे सर्वांत सुरक्षित.

शेवटी काय झाले?

त्या कुटुंबाचा मुलगा आकडे लिहिलेला कागद घेऊन दुकानात गेला. भांडण केले नाही. 29 आणि 9 हे दोन आकडे त्याने दुकानदारापुढे ठेवले आणि कापलेला टायर दाखवला. दुकानदाराने थोडी घासाघीस करून डिस्क परत घेतल्या आणि ईटी 45 ची साडेपाच इंची जोडी दिली. कापलेल्या दोन टायरचे पैसे मात्र बुडाले ते बुडालेच. मुलाला वाईट वाटले. वडील म्हणाले, "पैसे गेले ते जाऊ दे. पण यापुढे कोण काय सांगतो ते ऐकायचं, आणि मग आईच्या टेपने मोजायचं."

वाचक बंधू-भगिनींनो, दुकानातील माणूस आपला शत्रू नसतो, पण गाडी आपली आहे, तिच्यात बसणारी माणसे आपल्या भरवशावर बसतात. आज संध्याकाळी गाडी उभी केल्यावर एक चाक काढा, पाठीवरचे आकडे शोधा आणि डायरीत लिहून ठेवा : व्यास, रुंदी, ईटी, पीसीडी. घरातील मुला-मुलींना सोबत बसवून हा हिशेब करायला लावा. आणि हे पान कापून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. डिस्क घ्यायला जाल त्या दिवशी ते उपयोगी पडेल.